पास केलेले शब्द

दाजींच्या पुतणीचं लग्न ठरलं, हॉलच्या तारखेवरून मोडलं आणि चार महिन्यांनी त्याच मुलाशी परत ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात अजूनही त्या वर्षाला 'दोनदा ठरलं ते वर्ष' असंच म्हणतात. दोन ठरण्यांच्या मधल्या काळात, सगळे एकमेकांवर रुसून बसलेले असताना, एका मंगळवारी दुपारी बारक्याच्या टेबलावरचा फोन वाजला.

बारक्या तेव्हा बावन्न वर्षांचा होता. डोक्यावर केस मोजके, चष्मे दोन, एक जवळचा आणि एक लांबचा. पण चार भावंडांत शेवटचा, म्हणून बारक्या तो बारक्याच राहिला. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर चालू ठेवायचं त्याचं काम. फोन थोरल्या बहिणीचा होता.

"बारक्या, कामात आहेस का?"

"आहे, ताई."

"मग ऐक. ह्यांनी सकाळपासून तोंडात घास घेतलेला नाही. तुझं ते यंत्र शब्द तपासत नाही म्हणतात."

"माझं यंत्र? त्याला तपासायला कधी कोणी सांगितलंच नाही."

"मग आता सांग त्याला."

यंत्र बारक्यानेच दिलेलं होतं, ही गोष्ट खरी. प्रयोगशाळेतून बाद झालेला जुना कॉम्प्युटर त्याने दोन वर्षांपूर्वी बसमधून मांडीवर घेऊन दाजींकडे नेला होता. त्यावर ईमेलचा एक जुना प्रोग्रॅम होता. काळा पडदा आणि हिरवी अक्षरं, बाकी काही नाही. चित्रं नाहीत, माऊस नाही, सगळं काम कळांवर. दाजींना तोच आवडला. एकतीस वर्षं दिव्यासमोर काच धरून पाहिल्यामुळे त्यांना पांढरा पडदा सोसत नसे, डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं.

दाजी बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या बाया त्यांतल्या शंकेच्या बाटल्या उचलून दाजींच्या टेबलावर ठेवायच्या. कुठं बुडबुडा, कुठं केसाएवढी चीर, कुठं नुसताच संशय. दाजी एकेक बाटली दिव्यासमोर धरायचे, एकदा फिरवायचे, आणि एक तर 'पास' म्हणून पट्ट्यावर परत ठेवायचे, नाही तर उजव्या हाताच्या पिंपात सोडून द्यायचे. शंका बायांनी काढायची, निकाल तपासनिसाने द्यायचा. या कामामुळे कारखान्यात त्यांना सगळे 'उजेड्या' म्हणत. खरं नाव हजेरीपटाबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं.

अक्षरं मात्र ते चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकले, कारखान्याच्या संध्याकाळच्या वर्गात. तोवर अंगठा होता. आता अडुसष्टाव्या वर्षी ते निवृत्त कामगारांच्या संघाचे चिटणीस होते. त्यांच्याइतका घरोघर जाणारा दुसरा माणूस संघात नव्हता, म्हणून सगळ्यांनी त्यांना तिथं बसवलं होतं.

तर त्या वर्षी कारखान्याने दवाखाना बंद करायचं काढलं. कारखान्याच्या आवारातल्या त्या दोन खोल्यांत भट्टीवरचे जुने लोक छाती तपासून घ्यायला, वाफ घ्यायला जात. दाजींनी व्यवस्थापनाला पत्र लिहिलं. त्यात छातीच्या दुखण्याने धरलेल्या एकोणीस माणसांची नावं होती. सगळी कारखान्यातली टोपणनावं, आणि प्रत्येकापुढं त्याचा हजेरी क्रमांक. आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. पत्रात चुका फार असल्याने आशय स्पष्ट होत नाही, शुक्रवारी पाच वाजेपर्यंत दुरुस्त करून पाठवावं, नंतर विचार होणार नाही.

संघात एक कारकून होता. माल पाठवण्याच्या खात्यातून निवृत्त झालेला, शर्टाच्या खिशाला अजून दोन पेनं. त्याने सभेत दाजींचं मूळ पत्र उभं राहून वाचून दाखवलं, जसं लिहिलंय तसं, एकेक शब्द चावत. लोक हसले. ज्यांची नावं यादीत होती त्यांतलेही दोघंतिघं हसले आणि मग खोकत बसले. कारकून म्हणाला, पत्र मी लिहितो. त्याने लिहूनही आणलं. एकही चूक नाही, पण एकही नाव नाही. 'एकूण एकोणीस बाधित निवृत्त कर्मचारी' एवढंच. दाजी म्हणाले, आकड्याला खोकला येत नाही, नावं गेली पाहिजेत. कारकून म्हणाला, असली नावं नीटनेटक्या पत्रात शोभत नाहीत. शेवटी सभेने ठरवलं, शुक्रवारी पाचपर्यंत दाजींचं पत्र बिनचूक तयार झालं तर ते जाईल, नाही तर कारकुनाचं.

"तूच लिहून दे की त्यांना, म्हणजे सुटेल," ताई फोनवर हळूच म्हणाली.

मागून दाजींचा आवाज आला. "काय कुजबुजतेस? मेव्हण्यांना सांग, पत्र माझं मी लिहितो. त्यांनी फक्त यंत्राला कामाला लावावं."

बारक्याने घड्याळाकडं पाहिलं. सव्वादोन. पंधरा मिनिटांचं काम, असं तो मनाशी म्हणाला. शब्द तपासायचा प्रोग्रॅम त्या मशीनवर होताच, आपल्या भाषेची शब्दयादीही त्याने तेव्हाच घालून ठेवली होती. ईमेलच्या प्रोग्रॅमला फक्त तो कुठं आहे हे सांगायचं राहिलं होतं. बाहेरून त्यांच्या मशीनमध्ये शिरता आलं असतं तर बारक्याने ते अर्ध्या मिनिटात उरकलं असतं. पण दाजींनी पहिल्याच दिवशी मनाई केली होती. माझ्या कपाटाची किल्ली मी दुसऱ्याकडं ठेवत नाही, म्हणाले होते.

"बरं. दाजींना मशीनसमोर बसव. काय दिसतंय सांग."

"काळं."

"काळ्यावर काय दिसतंय?"

"हिरवं."

"ताई, हिरवं काय लिहिलंय ते वाच."

"वाचायचं होय. मग तसं बोल ना."

फोन ताईच्या कानाला, कळांवर दाजींचे हात. दाजींना टाइप करायला दोन्ही हात लागत आणि फोन धरला की एकच उरायचा. त्यामुळे प्रत्येक गोष्ट बारक्याकडून ताईला, ताईकडून दाजींना, आणि दाजींची शंका त्याच वाटेने परत, अशी ये-जा चालली. एस दाबा. दाबला. सी दाबा. कुठला सी, मोठा की छोटा? कुठलाही. "कुठलाही म्हणतोय," ताईने पुढं कळवलं. "कुठलाही कसा असेल," दाजी म्हणाले, "काही तरी एक ठरवून सांगा म्हणावं."

सी दाबल्यावर एक लांबच लांब यादी उघडली. त्यातली शब्दतपासणीची ओळ शोधायची होती. दाजी यादी वरून वाचायला लागले. एकही ओळ न सोडता, मोठ्याने.

"सगळं नका वाचू म्हणावं. खाली जात राहा."

"न वाचता खाली जायचं?" दाजींचा आवाज. "यात काय काय लिहिलंय हे मेव्हण्यांना तरी ठाऊक आहे का?"

नव्हतं ठाऊक. वीस वर्षांत बारक्याने ती यादी पुरती वाचली नव्हती. पलीकडं वाचन चालू राहिलं. प्रयोगशाळेत एक प्राध्यापक येऊन त्याच्यासमोर उभा राहिला, वाट पाहून निघून गेला. अठ्ठावीस मिनिटांनी ती ओळ आली.

"आता ए दाबा आणि मी सांगतो ते लिहा. आधी तिरकी रेघ."

"कुठल्या बाजूला तिरकी?"

"उजवीकडं झुकलेली."

"खालून उजवीकडं की वरून उजवीकडं?"

बारक्याने आपल्या टेबलावर बोटाने रेघ काढून पाहिली. "वरून. डोकं उजवीकडं."

"डोकं उजवीकडं म्हणतोय," ताई म्हणाली. मग ताई दबक्या आवाजात, "अरे, हे मान वाकडी करून बसलेत. रेघेचं डोकं ना?"

"रेघेचं, ताई."

अशा तीन तिरक्या रेघा, त्यांच्यामध्ये दोन छोटे शब्द आणि शेवटी सहा अक्षरांचं नाव. साडेतीन वाजता ते लिहून झालं. बारक्याने खुर्चीत पाठ टेकली. "आता ई दाबा, म्हणजे बाहेर. काही विचारलं तर हो म्हणा, आणि मग पत्र उघडून कंट्रोल आणि टी."

पत्र उघडलं, कंट्रोल आणि टी दाबलं. पडदा म्हणाला, शब्द तपासणारा प्रोग्रॅम ठरवलेला नाही.

"असं कसं? परत जाऊन बघा, त्या ओळीत काय आहे."

ओळ रिकामी होती.

पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला दाजींनी यादी वाचली नाही, एवढीच काय ती सवलत. रेघा लिहिल्या, नाव लिहिलं, ई दाबलं, आणि ओळ पुन्हा रिकामी. तिसऱ्या खेपेला बारक्याचा आवाज चढला. मग त्याला वाटलं, आपण ताईवर ओरडतोय, म्हणून तो हळू झाला. मग वाटलं, हळू बोललं की दाजींना ऐकू जात नाही, म्हणून परत चढला.

"ताई, ई दाबल्यावर काय होतं? काही तरी विचारतं ना?"

"विचारतं. बदल ठेवायचे का, असं."

"मग?"

"मग हे एन दाबतात."

बारक्याने डोळे मिटले. "का?"

फोन हातातून हातात गेला. आता दाजी स्वतः बोलत होते. "मेव्हणे, मी बदल कुठं केलेत? रिकामी जागा होती ती भरली. बदल म्हणजे असलेलं काढून दुसरं घालणं. आणि सांगून ठेवतो, 'बदल मान्य' असं लिहिलेल्या कागदावर एकदा न वाचता अंगठा उमटवला होता. सहा महिने रात्रपाळी लागली. तेव्हापासून बदल म्हटलं की माझं उत्तर नाही."

"दाजी, ह्यावेळी हो म्हणा. माझ्या जबाबदारीवर."

"लिहून देता?"

"देतो."

चौथ्या खेपेला हो म्हणून झालं. साडेचार वाजले होते. कंट्रोल आणि टी दाबल्यावर पडदा बदलला, पहिल्या शंकेच्या शब्दावर थांबला, खाली पर्यायांची रांग दिसली. ताई म्हणाली, काही तरी उगवलंय. बारक्याचे कान गरम झाले होते आणि प्राध्यापक तिसऱ्यांदा दारात उभा होता. तो घाईघाईने एवढंच म्हणाला, "आता यंत्र अडेल तिथं बघा. शब्द ओळखीचा असला की ए दाबायचा. नसला तर आर दाबून दुसरा लिहायचा. झालं." आणि त्याने फोन ठेवला.

त्या एका वाक्याचा पश्चात्ताप करायला त्याला गुरुवारी सकाळपर्यंत थांबावं लागलं.

बुधवारी संध्याकाळी दाजींची मेल आली होती. विषय होता 'नमुना'. कारखान्यात साच्यातून निघालेली पहिली बाटली आधी नमुना खोलीत जायची, तिथून होकार आला की मगच माल सुटायचा. त्या शिस्तीने दाजींनी पत्र आधी मेव्हण्याकडं पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं, यंत्राने काढलेल्या सगळ्या शंका मी स्वतः पाहून पास केल्या आहेत, आता एकही शंका उरलेली नाही, तरी होकार कळवावा.

बारक्याने पत्र उघडलं. पहिल्या ओळीत चार चुका होत्या. दुसरीत तीन. पुढं त्याने मोजायचं सोडून दिलं. हेच ते पत्र, कारकुनाने उभं राहून वाचलेलं, जसंच्या तसं. त्याने फोन लावला.

"दाजी, यंत्र अडलं होतं का?"

"अडलं म्हणजे? दोनशे चौदा वेळा अडलं. मी कागदावर रेघा मारल्यात. दर वेळी दाबला ए. मग खात्रीसाठी दुसऱ्यांदा चालवलं, तर एकदाही अडलं नाही. शिकतं हो यंत्र. आमच्या पट्ट्यावरच्या बायांना शिकायला वर्ष लागायचं."

"तुम्ही एकदाही आर दाबलं नाहीत?"

"अनोळखी शब्द आलाच नाही. सगळे मीच लिहिलेले. ओळखीचे नसतील कसे?"

बारक्याने कपाळ टेबलावर टेकवलं. ए दाबला की यंत्र तो शब्द स्वतःच्या यादीत कायमचा लिहून ठेवतं आणि पुढं कधी त्यावर बोट ठेवत नाही. दाजींनी आपल्या सगळ्या चुका त्याला पढवल्या होत्या. आता त्या मशीनवर जगातला कोणीही त्या चुका करो, यंत्र मान डोलावणार होतं. आणि पढवा म्हणून सांगितलं होतं कोणी, तर बारक्यानेच.

"पत्र पाठवू नका," तो म्हणाला. "उद्या येतो मी."

शुक्रवारची रजा टाकून तो सकाळच्या पहिल्या बसने निघाला आणि दहाला दाजींच्या दारात उभा राहिला. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून टेबल, त्यावर यंत्र, यंत्रावर ताईने विणलेला रुमाल. टेबलाच्या उजव्या बाजूला खाली कागदांची टोपली. पिंप असायचं त्याच जागी.

"नमुना नापास झाला म्हणे," दाजी खुर्चीतून न उठता म्हणाले. दाढी केलेली होती, शर्टाची सगळी बटणं लावलेली होती.

बारक्याने तासभर आधी बसमध्येच सगळं ठरवलं होतं. यंत्राची ती यादी म्हणजे एक साधी फाइल. एका आज्ञेत पुसायची, पत्र नव्याने तपासायचं, बाराच्या आत मोकळं. तो आज्ञा टाइप करायला लागला तसा दाजींनी कळांवर पंजा ठेवला.

"काय करताय?"

"पुसतोय. सगळं कोरं करून परत सुरू करू."

"त्यात ती एकोणीस आहेत."

"नावं परत घालू की, दाजी. पाच मिनिटं."

"नावांवर यंत्र पहिल्यांदा अडलं ते कुठं, माहीत आहे? भट्टीवरच्या लंबूवर. म्हणालं, असा शब्द नाही. पाच पर्याय दिले. एक लांब, एक लिंबू. बावीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभा होता तो माणूस आणि यंत्र म्हणतं लिंबू. मी पास केला. मग फुंक्या आला, घुबड्या आला. सगळ्यांवर शंका. एकोणीसच्या एकोणीस पास केले. मग मला कळलं हे यंत्र काय करतं ते. पट्ट्यावरच्या बाईचं काम करतं. शंका काढून टेबलावर ठेवतं, निकाल आपण द्यायचा. चूक बोलतोय का?"

चूक कुठं होती हे दाखवायला गेलं तर ती कुठंच सापडेना. यंत्र खरोखर तेवढंच करत होतं.

"नाही," तो म्हणाला. "पण निकाल देताना बाटली दिव्यासमोर धरायची असते ना? तुम्ही नुसत्या पास करत सुटलात."

दाजींनी पंजा काढला नाही. पण विचार करायला लागले. आत ताईच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मग एकेक धरू," दाजी म्हणाले. "एकदा पास केलेला माल मी आख्खा फोडायला देणार नाही. दोनशे चौदा. एकेक दाखवा. बाद असेल तो बाद करतो."

"दाजी, पाचच्या आत..."

"पाळीला तीन हजार बाटल्या बघायचो, मेव्हणे. तुम्ही दाखवा."

तर असं ते काम सुरू झालं. बारक्या फाइलमधला एकेक शब्द पडद्यावर मोठा करून दाखवायचा. दाजी तो मोठ्याने वाचायचे. मग बारक्या शब्दकोश काढून बरोबर रूप दाखवायचा. दाजी दोन्ही पाहायचे, मान तिरकी करून, डोळे बारीक करून, आणि म्हणायचे, "बाद." म्हणताना त्यांचा उजवा हात आपोआप टोपलीवर जाऊन उघडायचा. मग बारक्या तो शब्द यादीतून काढायचा आणि पत्रात दुरुस्त करायचा. काही शब्दांवर दाजी भांडले. अमुक शब्द वर्गातल्या मास्तरांनी असाच शिकवला होता, म्हणाले. बारक्याने शब्दकोश पुढं धरला. "मास्तर संध्याकाळच्या वर्गाला दमून यायचे बिचारे," दाजी म्हणाले, "बाद." एक शब्द त्यांनी तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला होता आणि तिन्ही पास केले होते. बारक्याने नुसतं पाहिलं. "एका साच्यातून कधी कधी निघतात तशा," दाजी पुटपुटले.

नाव आलं की दाजी वाचायचे आणि पुढं म्हणायचे, पास. मध्येच त्यांना खोकला यायचा. मग ते नॅपकिनमध्ये तोंड धरायचे आणि दुसऱ्या हाताने थांबा म्हणून खूण करायचे. बारक्याचा जीव घड्याळात अडकला होता. एक वाजता बावन्न शब्द झाले होते.

ताईने ताटं तिथंच आणून दिली. जेवता जेवता बारक्याच्या मनात आलं ते त्याने विचारलं. "दाजी, यादीत तुमचं नाव नाही?"

"मी कशाला? मी भट्टीवर नव्हतो. गार टोकाला होतो, निवलेल्या मालाजवळ."

"गार टोक म्हणे," ताई म्हणाली. "घरी आले की शर्ट पिळून वाळत घालायची मी. आणि काचेची धूळ काय गार टोक बघून थांबत होती?"

"तू वाढ."

"वाढलंय. बारक्या, ह्यांचं विसावं घाल."

"यादी एकोणिसाची आहे," दाजी म्हणाले. "सही करणाऱ्याने स्वतःला यादीत घातलं की वाचणारा म्हणतो, हा स्वतःसाठी लिहितोय. खाली नुसतं 'चिटणीस' लिहिलंय तेवढं बास. चला, त्रेपन्न."

तीन वाजता कारकून आला. पायातलं काढून, रुमालाने कपाळ टिपून, बगलेतली फाइल मांडीवर घेऊन तो दारालगतच्या खुर्चीत बसला.

"काय उजेड्या, कुठवर आलं?"

"एकशे एकवीस."

"ओळी?"

"शब्द."

"छान," कारकून म्हणाला. "माझं तयार आहे. साडेचारला पाठवलं तरी चालेल. घाई नको, चालू द्या तुमचं."

त्याने फाइल उघडून आपलं पत्र पुन्हा एकदा वाचलं आणि ते वाचताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पाहून बारक्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आतापर्यंत तो दाजींवर वैतागत होता, यंत्रावर वैतागत होता, स्वतःच्या त्या मंगळवारच्या वाक्यावर तर फारच. आता त्याला एकदम वैतागायला नवा माणूस मिळाला आणि हात झपाझप चालायला लागले. दाजी वाचतात, बाद म्हणतात, तो काढतो, दुरुस्त करतो. कारकुनाने मध्ये एकदा एका शब्दाबद्दल सल्ला दिला. तो बरोबर होता, त्यामुळे आणखीच राग आला. चार वाजता कारकून खुर्ची ओढून त्यांच्या मागं येऊन बसला. सव्वाचारला तो स्वतः शब्दकोशाची पानं उलटत होता, कारण बारक्याची बोटं पुरेनात.

"हा घुबड्या म्हणजे तोच ना, साचेखात्यातला?" कारकुनाने मध्येच विचारलं.

"तोच."

"त्यालाही धरलंय छातीने? मला वाटलं, गावाला गेला असेल."

"दोन वर्षं बिछान्यावर आहे. तू आकडा लिहिलास ना त्याचा. एकोणिसातला एक."

कारकुनाने शब्दकोशाचं पान उलटलं.

चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी शेवटचा शब्द बाद झाला. यादीत एकोणीस शब्द उरले. बारक्याने कंट्रोल आणि टी दाबलं. यंत्र पत्राच्या वरपासून खालपर्यंत गेलं आणि कुठंही न अडता संपलं.

"पास," दाजी म्हणाले आणि पाठवायची कळ त्यांनी स्वतः दाबली. पडद्याने विचारलं, पाठवायचं का? दाजींनी वळून मेव्हण्याकडं पाहिलं.

"हो म्हणा," बारक्या म्हणाला. "हा बदल नाही."

पत्र गेलं. कारकून उठला, फाइल बगलेत घेतली, दारात थांबला. "तिसऱ्या परिच्छेदात एक राहिलीय," तो म्हणाला. "शब्द बरोबर आहे, पण तिथं तो नकोय. यंत्राला कळत नाही ते."

"दिसली होती मला," दाजी म्हणाले. "ती मी पास केली."

बारक्याला आजतागायत कळलं नाही, त्यांना ती खरंच दिसली होती की नाही.

नऊ दिवसांनी कारखान्याचं उत्तर आलं. दवाखाना पुरता चालू ठेवता येणार नाही, पण मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते एक उघडा राहील, यादीतल्या एकोणीस जणांसाठी. हजेरी क्रमांक दिल्याने जुने केसपेपर काढणं सोपं गेलं, असंही लिहिलं होतं. ताईने ते उत्तर दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, यादीतल्याच लोकांसाठी म्हणजे काय. बारक्याने फोनवर सांगितलं, तेवढ्यांसाठीच. ताईने फोन ठेवला. मग तिने नवऱ्याशी तीन दिवस अबोला धरला. दाजी मंगळवार-शुक्रवार दवाखान्यात जात राहिले, कोणाला तरी आधार देऊन घेऊन जायला. स्वतः बाहेरच्या बाकावर बसत. बारक्याने दोनदा पुरवणी यादी पाठवू म्हणून विषय काढला. दोन्ही वेळा त्यांनी पुतणीच्या लग्नाचं बोलणं काढलं, जे तोवर दुसऱ्यांदा ठरलं होतं.

पुढं एकदा बारक्या त्या टेबलाशी बसला तेव्हा यंत्रावरचा रुमाल धुवायला टाकलेला होता. संघाच्या लोकांना कळवायचं होतं आणि ते काम ताईने त्याला सांगितलं होतं. तो हॉस्पिटलातून थेट आला होता. त्याने चार ओळी लिहिल्या. लोकांना ओळख पटावी म्हणून हजेरीपटावरचं नाव न घालता कारखान्यातलं घातलं. ज्यांनी खांदा द्यायला यायचं ठरवलं होतं, त्यांचीही नावं घातली, लंबू, फुंक्या आणि आणखी तिघं. मग सवयीने कंट्रोल आणि टी दाबलं.

यंत्र लंबूवर अडलं नाही, फुंक्यावर अडलं नाही. एकाच शब्दावर थांबलं आणि म्हणालं, असा शब्द नाही. खाली पर्याय दिले. उजेड, उजेडात, उजाड.

बारक्याने तिन्ही पर्याय वाचले. मग त्याने ए दाबला. यादीत वीस झाले.

दाजी गेले ते पुतणीला दुसरी मुलगी झाली त्या वर्षी, मार्च महिन्याच्या अकरा तारखेला, बुधवारी सकाळी सव्वानऊ वाजता, छातीच्या दुखण्याने.